पार्टिंग टूल : पट्टी घ्यावी की इन्सर्टवालं? (जुना लेथ, चौकोनी टूल पोस्ट)

सुट्टीतला_टर्नर

नमस्कार मंडळी. तळेगावला घरामागच्या शेडमध्ये जुना बटाला बनावटीचा लेथ आहे. साडेचार फुटी बेड, ट्रू चक, स्पिंडलच्या नाकावर आटे, चौकोनी टूल पोस्ट, टूलखाली घालायला पत्र्याच्या पट्ट्या. पोटापाण्याचं काम वेगळं, हे फक्त शनिवार-रविवारचं. टर्निंग, फेसिंग, बोरिंग, आटे काढणं सगळं जमतं. पार्टिंगनं, म्हणजे तयार भाग रॉडपासून कापून वेगळा करण्यानं, मात्र वैताग आणलाय. २० मिमीपर्यंत ठीक. ३५-४० च्या एमएस (माइल्ड स्टील) रॉडमध्ये सात-आठ मिमी आत गेलं की लेथ किंचाळायला लागतो. मी फीड कमी करतो, म्हणजे टूल हळू आत सरकवतो, तर तो आणखी किंचाळतो, आणि मग एकदम टूल आत ओढलं जातं नि बेल्ट घसरतो.

सध्या ३ मिमी जाडीची एचएसएस (हाय स्पीड स्टील) पट्टी आहे. दुकानदार म्हणतो, इन्सर्टवालं (कार्बाइडचं बदलता येणारं टोक असलेलं) घ्या, कटकट संपेल. ऑनलाइन एमजीएमएन जातीच्या इन्सर्टचे होल्डर स्वस्तात दिसतात. ३२ मिमी उंचीची ब्लेड आणि तिचा ब्लॉकही मिळतो, पण तो खिशाला जड. काय घेऊ? २ मिमी की ३? की टूलचा दोष नाहीच?

काम : एमएस आणि पितळ, कधीमधी ॲल्युमिनियम. बुश, वॉशर, स्पेसर असलं.

कानसकर

हॅक्सॉ घ्या. धागा बंद करा.

नुसता_वाचक

वाचतोय. हाच त्रास, लेथ मात्र माझा याहून लहान.

उद्यमनगरचा

भावा, आधी लेथ बंद करून चार गोष्टी बगा, टूल नंतर घ्या.

टूलच्या टोकाखाली लाकडी दांडा घालून वर उचला. क्रॉस स्लाईड (टूल आत-बाहेर नेणारी) किंवा तिच्यावरची कंपाउंड (कोनात फिरणारी छोटी स्लाईड) जरा जरी हलली, तर जिबची (स्लाईडमधली फट भरणारी) पट्टी ढिली हाय. ती कसा. कंपाउंड तर पार्टिंगच्या वेळी पार आवळूनच टाकायची, तिचं तिथं काय काम न्हाई. कॅरेज (बेडवरून सरकणारा टूलचा सगळा भाग) बेडला लॉक करा. मग चकात रॉड धरून त्याखाली दांडा घालून वर उचला आणि डायल (हालचाल मोजायचं घड्याळ) लावून बगा. स्पिंडल उचललं जात असंल तर बेअरिंग बघायला लागतंय. हे सगळं घट्ट असल्याबिगर तुम्ही सोन्याची ब्लेड आणली तरी ती किंचाळणारच.

आणि चकापासून किती लांब तोडताय? ते सांगितलंच न्हाई तुम्ही. चकाच्या जबड्यापासून दहा-बारा मिमीवर तोडायचं. लांबवर तोडायला गेलं की रॉडच वाकतोय, टूलला दोष देऊन उपेग काय?

सुट्टीतला_टर्नर

काका, कंपाउंड हलते खरी. चकापासून साधारण दोन इंचांवर तोडतोय, कारण टूल पोस्ट चकाच्या जवळ नेला की कंपाउंडचं हँडल मध्ये येतं.

उद्यमनगरचा

मग कंपाउंड फिरवून घ्या की. आटे काढताना ठेवता त्या कोनात ठेवा, हँडल बाजूला जातंय. दोन इंच म्हणजे लई झालं.

निदेशक_ताई

उद्यमनगरकर काकांच्या यादीत तीन गोष्टी घालते. आयटीआयला टर्नर ट्रेडच्या मुलांना शिकवते, त्यामुळे हे रोज बघते.

पहिली, पट्टी किती बाहेर काढली आहे. ४० चा भरीव रॉड म्हणजे निम्मे २०, त्यावर दोन-तीन मिमी. बस. मुलं पट्टी ४० मिमी बाहेर ठेवतात, कारण परत सेट करायचा कंटाळा. बाहेर आलेली लांबी दुप्पट केली की त्याच जोराला पट्टी आठपट वाकते. लांबीचा घन होतो ना. म्हणून पहिले आठ-दहा मिमी कमी लांबीवर मारायचे, मग थांबवून पट्टी पुढे सरकवायची. कंटाळवाणं आहे, पण ४० वर चालतं.

दुसरी, सेंटर, म्हणजे टूलचं टोक स्पिंडलच्या मध्याच्या उंचीवर आहे का. टोक सेंटरच्या खाली असेल तर शेवटी मध्ये बोंडी (न कापलेलं बारीक टोक) राहते आणि जॉब टूलवर चढायला बघतो. वर असेल तर कापण्याआधी टूलचं पोटच घासतं. तपासायला सहा इंची स्टीलची मोजपट्टी टूलचं टोक आणि गोल रॉड यांच्यामध्ये हलकेच दाबा. ती उभी सरळ राहिली तर टूल सेंटरवर. वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर. एवढ्यावर समाधान नसेल तर रॉडचं तोंड फेस करा आणि मध्ये काय उरतं ते पाहा.

तिसरी, काटकोन. पट्टी जॉबच्या अक्षाला नव्वद अंशात नसेल तर पहिले चार-पाच मिमी काहीच जाणवत नाही. पुढे पट्टीची बाजू खाचेच्या भिंतीला घासायला लागते. तुमचं "सात-आठ मिमी आत गेलं की" हे वाचून मला आधी हीच शंका आली. चकाच्या तोंडाला पॅरलल (समांतर बाजूंची अचूक पट्टी) लावून त्याला पट्टी समांतर करा.

चाकण_शिफ्ट

ताईंनी सगळं सांगितलं, पण मूळ चूक धाग्याच्या पहिल्याच परिच्छेदात आहे : "मी फीड कमी करतो."

किंचाळलं की फीड कमी करायचं नाही, आरपीएम कमी करायचं. फीड कमी केलं की टूल कापायचं सोडून घासतं. घासलं की थरथर वाढते, मग कुठेतरी धार पकडते आणि साठलेला सगळा ताण एकदम सुटतो. तेच तुमचं "ओढून घेणं". टूलला सतत खायला द्या. हाताच्या फीडनं चिप अखंड येत राहिली पाहिजे. आकडा हवा असेल तर एका फेऱ्याला ०.०५ ते ०.१ मिमी.

आरपीएमचं गणित : मिनिटाला मीटर गुणिले १०००, भागिले (३.१४ गुणिले व्यास). एचएसएसनं एमएस टर्न करताना २५-३० मीटर चालतं, पार्टिंगला त्याच्या निम्मं धरा. १५ मीटर आणि ४० मिमी म्हणजे साधारण १२० आरपीएम. २० मिमीला २४०. तुम्ही किती ठेवता?

सुट्टीतला_टर्नर

३०० च्या आसपास. 😬

कानसकर

३०० वर ४० चा रॉड! लेथ किंचाळत नव्हता, पोलीस बोलवत होता.

माग_आणि_धोटा

इचलकरंजी. मागाचे सुटे भाग करतो, म्हणजे बुश आणि रोलरच्या पिना, दिवसभर पार्टिंगच. वरचं सगळं मान्य, पण मूळ प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहितो.

आम्ही एचएसएस पट्टी सोडून इन्सर्टवर गेलो. किंचाळण्यापेक्षा चिप हे कारण जास्त. साध्या पट्टीचं तोंड सपाट, त्यामुळे चिप खाचेएवढीच रुंद निघते आणि दोन्ही भिंतींना घासत बाहेर येते. खोल गेलं की अडकते. इन्सर्टच्या माथ्यावर जो खळगा असतो त्यानं चिप मधून दुमडते, खाचेपेक्षा अरुंद होते आणि घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळून बाहेर पडते. निम्म्या पार्टिंगच्या कटकटी चिप अडकल्याच्या असतात, लोक शिव्या टूलला घालतात.

दुसरं कारण माल. पितळेचा ३ मीटरचा बार, १० मिमीचा वॉशर. ३ मिमीच्या टूलनं एका नगाला १३ मिमी जातात, म्हणजे २३० नग. २ मिमीच्या टूलनं १२ जातात, २५० नग. फेसिंगची सूट आणि शेवटचा तुकडा दोन्हीकडे सारखाच सोडा, तरी एका बारला वीस नगांचा फरक. पितळेचा भाव बघून कुणीही २ मिमीच घेईल. तुम्हाला शनिवार-रविवारी त्यानं काय फरक पडणार, ते तुम्ही ठरवा.

निदेशक_ताई

चिपचा मुद्दा अगदी बरोबर. पण तो खळगा एचएसएस पट्टीलाही करता येतो. ग्राइंडरच्या चाकाचा कोपरा वापरून माथ्यावर उथळ पन्हळ काढायची, धारेपासून मागे उतरती. एमएसवर फरक लगेच दिसतो. मात्र पितळेसाठी ठेवलेल्या पट्टीला हे करू नका, तिथे माथा सपाटच हवा. पितळ टूलला आत ओढतं, त्यात वरून उतार दिला तर बघायलाच नको.

बाकी कोन : पुढे ६-८ अंश मोकळीक, दोन्ही बाजूंना १-२ अंश. टी आकाराच्या छेदाची पट्टी घेतली तर बाजूची मोकळीक तयारच मिळते, फक्त पुढचं तोंड घासत राहायचं. सपाट चौकोनी टूल बिटातून पार्टिंग टूल घासून काढणं हा आमच्याकडचा पहिला धडा आहे. शिकायला उत्तम, रोजच्या कामाला वेळखाऊ.

श्टुटगार्टकर

इथे आमच्या क्लबात (मॉडेल बनवणाऱ्या मंडळींचा) पार्टिंगच्या विषयावर गट पडलेत. एक गट म्हणतो टूल समोर, दुसरा म्हणतो मागे आणि उलटं. छोट्या लेथवर मी दुसऱ्या गटात. कुणी मागचा टूल पोस्ट वापरून पाहिलाय का?

वाफेचं_इंजिन

मी वापरतो, म्हापशाला. वाफेच्या इंजिनांची मॉडेलं करतो, लेथ छोटा आहे आणि फार ताठ नाही. क्रॉस स्लाईडच्या पलीकडच्या टोकाला वेगळा टूल पोस्ट बसवलाय, त्यात ब्लेड पालथी. स्पिंडल नेहमीच्याच दिशेनं फिरतं.

कारण समजावून सांगतो, कारण "चिप खाली पडते म्हणून" असं बरेच जण सांगतात. ते खरं आहे, पण तो वरचा फायदा. समोरचं टूल कापताना खाली दाबलं जातं. टूलचं टोक सेंटरला, पण टूल पोस्ट ज्या स्लाईडवर डोलतो ती जागा टोकाच्या बरीच खाली आणि तुमच्या बाजूला. त्या जागेभोवती टोक खाली वळलं की ते फक्त खाली जात नाही, जॉबच्या आतही जातं. जास्त आत म्हणजे जास्त जोर, जास्त जोर म्हणजे आणखी आत. शेवटी तुमचा बेल्ट घसरतो. मागच्या पालथ्या टूलला जोर वरच्या दिशेनं बसतो. तेच टोक वर वळलं की जॉबपासून दूर जातं. कट आपोआप कमी होतो. शिवाय जॉबवरचा जोर खाली, बेअरिंगवर दाबणारा. समोरून कापताना जॉब वर उचलला जातो.

चाकण_शिफ्ट

हे पटलं. मग मागे टूल पोस्ट करण्यापेक्षा पुढच्याच टूल पोस्टला ब्लेड पालथी लावून स्पिंडल उलटं फिरवलं तर? सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या लेथवर) असं सर्रास करतो.

निदेशक_ताई

थांबा! धागाकर्त्याच्या लेथला स्पिंडलवर आट्यांचा चक आहे. उलट्या दिशेनं कापलं की कापण्याचा जोर चक सोडवायच्याच दिशेनं लागतो. चालू लेथवरून चक उतरून बेडवर पडला तर काय होतं ते मी लिहीत नाही. सीएनसीचा चक बोल्टनं बसवलेला असतो, तुमची गोष्ट वेगळी. आट्यांच्या चकावर हे करायचं नाही. धागा वाचणाऱ्या सगळ्यांसाठी सांगतेय.

चाकण_शिफ्ट

बरोबर. आट्यांचं मी वाचलं होतं, पण डोक्यात आलं नाही. कुणी करू नका.

उद्यमनगरचा

आमच्याकडं हंसमानी होल्डर असायचा. मानेसारखा वाकडा, पट्टी पुढं. जोर आला की मान दबते आणि टोक मागं सरकतंय. इंजिनवाल्यांनी जे मागच्या टूल पोस्टचं सांगितलं, तेच काम ती मान करते. स्प्रिंग टूल म्हणायचे. आता कुठं दिसत न्हाई. भंगारात मिळाला तर सोडू नका.

नुसता_वाचक

इंजिनसाहेब, मागच्या टूल पोस्टची उंची कशी धरली? आणि क्रॉस स्लाईडला टी-स्लॉट (बोल्ट अडकवायची खाच) नसेल तर?

वाफेचं_इंजिन

पालथ्या ब्लेडची धार सेंटरला, एवढंच. ती एकदा धरली की टूल पोस्ट काढ-घाल केली तरी बदलत नाही, म्हणून मी खाली पत्रे न घालता ठोकळाच मापाचा मिल करून घेतला. टी-स्लॉट नसेल तर स्लाईडला भोकं पाडून आटे मारावे लागतात. बटाल्याच्या लेथला बहुधा टी-स्लॉट नसतो. एका कामासाठी स्लाईडला भोकं पाडायची की नाही, हा ज्याच्या त्याच्या छातीचा प्रश्न.

कानसकर

अवांतर : मी गंभीर होतो. ४० चा रॉड पॉवर हॅक्सॉवर कापा, दीड मिमी जास्त ठेवा, फेस करा. संध्याकाळपर्यंत धाग्यावर शंभर प्रतिसाद येतील आणि माझे नग तयार असतील.

माग_आणि_धोटा

कानसकर, एक-दोन नगांना तुमचं बरोबर. पण दर नग परत चकात धरायचा, परत फेस करायचा. बाहेरचा व्यास आणि बोअर एकाच सेटिंगमध्ये झालेत, आता उलटं धरल्यावर तोंड त्यांना काटकोनात राहील याची खात्री कोण देणार? पार्टिंग करायचं ते यासाठी.

कानसकर

मान्य. पण चालू लेथवर हॅक्सॉ धरून कापणारेही पाहिलेत मी.

निदेशक_ताई

मीही पाहिलेत, आणि आमच्याकडे तसं करणाऱ्याला शॉपबाहेर उभं करते. पातं अडकलं तर करवत हातातून फिरून तोंडावर येते. ज्यांना लेथ बंद ठेवून चकातच रॉड कापायचाय त्यांनी बेडवर फळी ठेवा, नाहीतर पातं शेवटी बेडवर उतरतं.

हा विषय निघालाच आहे तर : तुटणारा तुकडा हातानं झेलायचा नाही. हातमोजे घालून लेथवर उभं राहायचं नाही. नळीचा तुकडा असेल तर टेलस्टॉकच्या (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराच्या) चकात बारीक गज धरून तो बोअरमध्ये ठेवा, तुकडा त्यावर अडकून राहतो. आणि टेलस्टॉकच्या सेंटरचा आधार देऊन शेवटपर्यंत पार्टिंग करायचं नाही. तुटत आलं की तुकडा सेंटर आणि टूल यांच्यात अडकतो, पट्टी तुटते, जॉब उडतो.

उद्यमनगरचा

ताई बरोबर बोलतायत. आणखी एक ऱ्हायलं. स्पिंडलच्या मागच्या बाजूनं लांब रॉड बाहेर ऱ्हात असंल तर त्याला आधार द्या. पुढं तुम्ही टूलकडं बघत असता आणि मागं रॉड वाकून फिरायला लागतोय. हे पार्टिंगलाच न्हाई, कवाबी.

सुट्टीतला_टर्नर

एवढं सगळं वाचून दमलो, पण डोळे उघडले. काल रविवार होता. कंपाउंड आवळली, कॅरेज लॉक केली, पट्टी चकाच्या तोंडाला समांतर केली (चांगलीच तिरकी होती), चकापासून १२ मिमीवर, १२० च्या जवळचा जो वेग मिळतो तो. जुनीच एचएसएस पट्टी. ३२ चा रॉड आरपार गेला, किंचाळला नाही. ४० ला शेवटच्या टप्प्यात थोडा घरघरला.

म्हणजे इन्सर्ट नकोच का?

चाकण_शिफ्ट

४० ला किती खोल गेल्यावर घरघर? खाच मोठी करून बघा. पाच मिमी आत जा, बाहेर या, कॅरेज अर्धा मिमी बाजूला सरकवून परत आत. खाच टूलपेक्षा जराशी रुंद झाली की चिपला आणि तेलाला जागा मिळते. एक-दोन नगांना हे चालतं. रोजच्या कामाला माल जातो, माग_आणि_धोटा रागावतील.

माग_आणि_धोटा

रागावतोच. :)

तेल काय वापरता? ते कुणीच विचारलं नाही. ब्रशनं लावता की धार सोडता?

सुट्टीतला_टर्नर

ब्रश. सोल्युबल ऑइल.

माग_आणि_धोटा

ब्रशनं लावलेलं पाण्याचं कूलंट खोल खाचेच्या तळापर्यंत पोचतच नाही. पंप नसेल तर घट्ट कटिंग ऑइल ब्रशनं लावा, ते चिकटून राहतं. नाहीतर बाटलीतून सतत धार सोडा. ॲल्युमिनियमला रॉकेल सगळ्यात चांगलं, नाहीतर धारेवर ॲल्युमिनियम थापतं. पितळ आणि बीड (ओतीव लोखंड) कोरडंच.

उद्यमनगरचा

बीडाचं नाव निघालं म्हणून. कोल्हापुरात आम्ही आयुष्य बीडावर काढलं. बीड पार्टिंगला सगळ्यात सोपं. त्यातल्या ग्रॅफाइटमुळं चिप अशी लांब येतच न्हाई, भुगा पडतो. पण तो काळा भुगा बेडवर सांडतोय, तेलात मिसळला की बेडला पॉलिश पेपरसारखा घासतोय. बेडवर आधी कागद टाका, नंतर भुगा ब्रशनं झाडून मग तेल. उलटं करू नका.

खंडे नवमीला लेथ पुसायला घेतला की शर्टाचा रंग कुठला होता हे कळायचं न्हाई. गुलाल, झेंडू, नारळ, आणि खाली तो काळा कीट.

वाफेचं_इंजिन

आमच्याकडे अजून लेथला हार घालतो. मागच्या टूल पोस्टलाही वेगळं फूल.

कानसकर

हॅक्सॉलाही घालत चला.

श्टुटगार्टकर

मूळ प्रश्नाकडे येऊया. एचएसएस की इन्सर्ट यावर कुणी सरळ उत्तर दिलेलं नाही, म्हणून माझं मत. धागाकर्त्याच्या लेथवर एचएसएस. कारण कार्बाइडला वेग लागतो आणि ताठपणाही. हा लेथ दोन्हीत कमी. कार्बाइडची धार थरथरीत तुकडे होऊन जाते, एचएसएसची बोथट होते, परत घासता येते. कोबाल्टवाली पट्टी घेतली (एम३५ मध्ये ५ टक्के असतो) तर एमएससाठी आयुष्यभर पुरेल.

माग_आणि_धोटा

असहमत. आजकालचे पार्टिंग इन्सर्ट टर्निंगच्या इन्सर्टसारखे बोथट कडांचे नसतात, चांगले तीक्ष्ण मिळतात, आणि कमी वेगातही कापतात. आमचा जुना लेथसुद्धा काही फार ताठ नाही. फरक एवढाच की इन्सर्टला चुकीची सेटिंग माफ नाही. एचएसएस तुम्हाला आधी किंचाळून सांगते, इन्सर्ट थेट तुटतो.

मात्र ते एमजीएमएनचे स्वस्त होल्डर घेण्याआधी खोली बघा. त्या इन्सर्टला दोन्ही टोकांना धार असते, त्यामुळे इन्सर्टच्या लांबीपेक्षा खोल जाता येत नाही, आणि होल्डरची स्वतःची मर्यादा बऱ्याचदा त्याहूनही कमी. ग्रूव्हिंगला मस्त, नळ्या तोडायला मस्त, ४० च्या भरीव रॉडला बहुतेक पुरणार नाही. भरीव रॉडला एका टोकाचा इन्सर्ट धरणारी ब्लेड लागते, इस्कारनं सेल्फ-ग्रिप म्हणून जी रुजवली तशी. पण त्या ब्लेडचा ब्लॉक तुमच्या चौकोनी टूल पोस्टवर बसवला की धार सेंटरच्या वर जाते का, हे ऑर्डर देण्याआधी मोजा. जुन्या लहान लेथवर हमखास वर जाते, आणि मग ब्लॉक खालून मिल करायला लागतो.

रुंदीचं म्हणाल तर टूलच्या रुंदीच्या आठपटीपेक्षा खोल जाऊ नये. २ मिमीचं टूल १६ मिमी खोल, म्हणजे ३२ चा भरीव रॉड. ३ मिमीचं २४, म्हणजे ४८. तुम्हाला ४० तोडायचाय, तर ३ च.

चाकण_शिफ्ट

इन्सर्ट घेतला तर दोन सूचना. इन्सर्ट बसवण्याआधी ब्लेडचा खिसा साफ करा, एक चिपचा कण राहिला तरी इन्सर्ट तिरका बसतो. आणि सेंटरपाशी शेवटच्या २ मिमीला फीड पाव करा. मध्यभागी कापण्याचा वेग शून्यच असतो, तिथे इन्सर्ट कापत नाही, चिरडतो. सीएनसीवर आम्ही जी ९६ (व्यास घटला तरी कापण्याचा वेग कायम ठेवणारी आज्ञा) लावतो आणि जी ५० नं आरपीएमला कमाल मर्यादा घालतो, तरी शेवटी फीड कमी करतोच. तुकडा स्वतःच्या वजनानं पडू द्या, सेंटरच्या पलीकडे ढकलत नेऊ नका.

सुट्टीतला_टर्नर

ठरवतो : आत्ता ३ मिमीची टी छेदाची कोबाल्ट पट्टी. नळ्या आणि पितळेच्या वॉशरसाठी २ मिमीचा एमजीएमएन होल्डर, स्वस्त आहे म्हणून. मागचा टूल पोस्ट पुढच्या वर्षी, बघू.

एक शंका राहिली. तुटलेल्या वॉशरवर मध्ये बारीक बोंडी राहते. बोंडी रॉडकडे राहावी म्हणून एकानं धार तिरकी घासायला सांगितली. तसं केलं तर वॉशरचं तोंड बशीसारखं आत गेलं.

निदेशक_ताई

तिरक्या धारेचा तो स्वभावच आहे. पुढची बाजू तिरकी केली की कापण्याचा थोडा जोर आडवा लागतो आणि पट्टी त्या बाजूला वाकत जाते, जितकी खोल तितकी जास्त. १५ मिमीपर्यंतच्या वॉशरला ५ अंश चालतील. मोठ्या व्यासाला धार सरळच ठेवा. वॉशरला तसंही मध्ये भोक असणार ना? मग तोडण्याआधी ड्रिल करून घ्या, बोंडी राहायचा प्रश्न येत नाही.

सुट्टीतला_टर्नर

तोडल्यावर ड्रिल करत होतो!

कानसकर

ताई, याला शॉपबाहेर उभं करा.

नुसता_वाचक

पातळ नळीबद्दल कुणी सांगेल का? एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४, ३८ व्यासाची, दीड मिमी जाडीची. पार्टिंग करताना घंटेसारखी वाजते आणि चकात चेपते.

माग_आणि_धोटा

आत लाकडाचा घट्ट बसणारा गट्टू टर्न करून ठोका, चकाच्या जबड्यात आणि कापायच्या जागीही. वाजायचं थांबतं, चेपतही नाही. लाकडासकट तोडा. २ मिमीचं तीक्ष्ण टूल, कटिंग ऑइल. आणि ३०४ मध्ये टूल एका जागी घासत ठेवू नका, तेवढ्यात पृष्ठभाग कडक होतो आणि पुढे धार चालत नाही. दीड मिमीच आहे, एका दमात जा.

नुसता_वाचक

गट्टू बाभळीचा चालेल का सागाचा?

उद्यमनगरचा

जो वाळलेला असंल तो. ओला घालू नका, सुकला की सुटतोय.